रविवारचं पाणी

"सात," नाना म्हणाले.

संपतदादा बीमला लोंबकळत होता. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, कोपरं थरथरत होती आणि हनुवटी पाइपाच्या चार बोटं खाली येऊन अडकली होती.

"सात," नाना पुन्हा म्हणाले. "हनुवटी वर गेल्याबिगार मी आठ म्हणणार न्हाय. मग तू हितंच दिवाळी कर."

पोरं हसली. दादाचे हात सुटले आणि तो खालच्या मातीत बदकन बसला. मी दुधाचा तांब्या घेऊन उभी होते. तो त्याने माझ्याकडे न बघताच घेतला आणि घटाघटा पिऊन टाकला.

शाळेच्या मागे दोन कडुलिंबांच्या मध्ये लोखंडी पाइप ठोकला होता. त्याला आम्ही सगळे बीम म्हणायचो, कारण लष्कराच्या भरतीत त्याला बीमच म्हणतात. तिथे धावणं झालं की पाइपाला लटकून अंग वर ओढायचं. सहा वेळा जमलं नाही तर तिथूनच घरी, दहा वेळा जमलं तर पूर्ण मार्क. मधल्यांनाही थोडेफार मार्क मिळायचे, पण आमच्या माण तालुक्यातून एवढी पोरं भरतीला उतरायची की मधल्यांना कुत्रं विचारत नव्हतं. दादा आधी दोनदा सातावरून परत आला होता. ही तिसरी खेप, आणि शेवटची. पुढच्या भरतीपर्यंत त्याचं वय निघून जाणार होतं.

आमच्या वाडीत दर दोन घरांआड एका दारावर पाटी असायची. नायक अमुक, हवालदार तमुक. बाजीरावनानांच्या दारावरही होती. ते फौजेतून आल्यापासून पोरांना शिकवायचे, पैसे घ्यायचे नाहीत, शिव्या मात्र मनसोक्त द्यायचे. आमच्या दारावर पाटी नव्हती. आईने गेल्या दिवाळीला रंगाऱ्याकडून चौकटीवर पांढरा चौकोन तेवढा काढून घेतला होता. नाव नंतर टाकू म्हणाली. येणाराजाणारा त्या चौकोनाकडे बघायचा आणि दादा मान खाली घालून दारातून आत यायचा.

आण्णा, म्हणजे आमचे वडील, लांब साखर कारखान्यावर वॉचमन होते. घरात राज्य आईचं. ताकद म्हणजे कणगीतलं धान्य, काढलं नाही की भरलेलं राहतं, असा तिचा साधा हिशोब होता. त्यामुळे दादाने वैरण उचलायची नाही, शेण भरायचं नाही, पाणी ओढायचं नाही.

"भरतीचं पोरगं हाय," ती म्हणायची. "त्याचं आंग मोडाया नगं."

मग कुणाचं अंग मोडायचं? मी होतेच. दहावी नापास होऊन घरी बसले होते, म्हणजे बसले कुठली, उभीच होते. दोन म्हशी, चार माणसांचं घर आणि बारा महिने पाण्याची ओढ. वाडीच्या कडेला आड होता, फार खोल. वर लाकडी रहाट. त्याच्यावरून दोर सोडायचा, घागर बुडाली की दोन्ही हातांनी दोर खाली खाली ओढत राहायचा, मग कुठे घागर वर यायची. रहाट इतका कुरकुरायचा की घरात पडून ऐकू यायचं कोण पाण्याला गेलंय ते. माझ्या तळहातांना घट्टे पडले होते. मला राग यायचा का? यायचा. पण रागाने घागर वर येत नाही.

भरतीला महिना-दीड महिना असेल. एका सकाळी मी दूध घेऊन गेले तर बीमपाशी दादा एकटाच. बाकीची पोरं धावायला गेली होती.

"मोज गं," तो म्हणाला.

मी मोजलं. सातावर पुन्हा तेच.

"आरं, उलसंकच तर ऱ्हायलंय," मी म्हणाले. "वढ की."

"तोंडानं वढाया काय जातंय? लटकून बघ, मग कळंल."

मी तांब्या खाली ठेवला, ओढणी कमरेला गाठ मारून बांधली आणि उडी मारून पाइप धरला. खरं सांगते, माझ्या मनात काही नव्हतं. त्याला दाखवून द्यावं असंही नव्हतं. हाताला दोर सापडल्यासारखं वाटलं आणि मी ओढलं. पाठीतून ओढलं, घागर ओढायचे तसं. हनुवटी वर गेली. खाली आले, पुन्हा ओढलं. दादा आधी हसत मोजत होता. पाचानंतर त्याचं हसणं थांबलं. सातानंतर मोजणंही थांबलं.

"आठ," मागून आवाज आला.

नाना होते. मी हात सोडून खाली आले आणि ओढणी सोडायला लागले. मला वाटलं आता शिवी येते. नानांनी माझा हात धरला, तळवा उलटा केला आणि घट्ट्यावर अंगठा दाबला.

"पाणी कोण वढतं तुमच्यात?"

"मीच."

"आन् ह्यो?"

"त्याला आई काय करू देत न्हाय. आंग मोडंल म्हणती."

नाना कपाळावर हात मारून घेऊन हसायला लागले. "आरं देवा. रहाटाचा दोर वढायचा म्हंजी दुसरं काय असतंय रं? बीमच की. हितं तू वर जातूस, तितं घागर वर येती, एवढाच फरक. तुज्या आईनं तुला सांभाळून सांभाळून लोण्याचा गोळा केलाय, संपत. आन् फौजी हिला बनवली."

दादाने टॉवेल उचलला आणि घरची वाट धरली. जेवताना आईने त्याच्या ताटात दुसरं अंडं ठेवलं, ते त्याने उचलून माझ्या ताटात टाकलं. आईने आमच्या दोघांकडे पाहिलं, पण भाकरी तव्यावर होती म्हणून वाचलो.

गोठ्यात मला गाठून तो म्हणाला, "उद्यापासनं पाणी मी वढणार."

"आई माझी चामडी लोळवंल."

"तिला कशाला कळाया पायजे?"

तसं ते सोपं होतं. आई अंधारातच धारा काढायची आणि दूध घेऊन पलीकडच्या वाडीतल्या डेअरीवर जायची. तिथे गप्पा मारून परत येईपर्यंत उन्हं वर यायची. अडचण एवढीच की आमच्याकडे आडावर गडी माणूस पाणी ओढत नाही. ओढलंच तर बायका पदर तोंडाला लावून हसतात आणि त्याचं नाव ठेवतात ते जन्मभर पुरतं. म्हणून आम्ही बायका यायच्या आधी गेलो. दादाने टॉवेल डोक्यावरून घेतला होता, त्यात तो चोरासारखाच दिसत होता.

पहिल्या घागरीला दोर त्याच्या हातातून सुर्रकन सुटला. मी पोटभर हसले.

"हातानं नगं वढू," मी शिकवलं. "पाठीनं वढ. आन् मूठ ढिली पडली की दोर चावतो."

दोर चावलाच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्या तळव्यांवर फोड उठले, फुटले, पुन्हा उठले. मी त्यांना हळद-तेल लावून द्यायची. तो दात खाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा. सुरुवातीला मी बरोबर जायची. मग निम्मं तो ओढायचा, निम्मं मी. मग एक दिवस तो म्हणाला, "तू झोप. मी येतो उरकून."

ही झोप काय चीज असते ते आयुष्यभर पहाटे उठणाऱ्या बाईलाच विचारावं. मला कळायला लागल्यापासून मी आईच्या आधी नाही तर बरोबर उठलेली. पांघरुणात सकाळचा उजेड येतो, तो गुलाबी असतो, हे मला त्या महिन्यात कळलं. पडल्या पडल्या रहाटाची कुरकुर ऐकायची आणि ती आपल्या हातांनी होत नाहीये या सुखाने पुन्हा डोळे मिटायचे. हातांचे घट्टे मऊ पडायला लागले. मी बोटं चोळून बघायची आणि मला ते हात कुणा दुसऱ्या, सुखी घरच्या मुलीचे वाटायचे. आयत्या बिळावरच्या नागोबाला काय वाटत असेल ते मला तेव्हा पुरतं समजलं.

इकडे दादा आठवर गेला. मग नऊवर. आई म्हणायची, दुसऱ्या अंड्याचा गुण आला. आम्ही एकमेकांकडे बघून खाली बघायचो. पूर्वी तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा. आता आडावरून आला की माझ्या डोक्यावर ओला हात झटकायचा आणि म्हणायचा, "उठा राणीसाहेब, हौद भरलाय."

ज्या दिवशी नानांनी "धा" म्हटलं त्या दिवशी मी तिथे होते. दादा खाली उतरला, थेट माझ्याकडे आला आणि सगळ्या पोरांसमोर त्याने मला कमरेला धरून वर उचललं. मी लाजेने अर्धमेली झाले.

भरतीचा सोमवार जवळ आला तसं नानांनी दोघांना बोलावलं. दादाचे तळवे उजेडात धरून नीट पाहिले.

"आता दोराला हात लावायचा न्हाय," ते म्हणाले. "ह्यो घट्टा अजून कच्चा हाय. वरनं चामडं दिसतंय, खाली पाणी हाय. एक डाव फुटला की मग लोखंड धरवत न्हाय, कितीबी ताकद असू दे. कळलं?"

"व्हय," दादा म्हणाला.

"तुला न्हाय इचारत. तू येडा हायस, जोशात वढशील. शालन, ह्याला आडावर जाऊ द्यायचं न्हाय. तुज्यावर सोपवतो."

"व्हय नाना," मी म्हणाले.

शुक्रवारी मी पाणी ओढलं, शनिवारीही ओढलं. माझे मऊ पडलेले हात सोलवटले. चार आठवड्यांत मी इतकी नाजूक कशी झाले याचा मलाच संताप येत होता. त्यात शनिवारी संध्याकाळी मावशी तिच्या पोरांना घेऊन दादाला निरोप द्यायला आली. म्हणजे रविवारी नेहमीच्या दुप्पट पाणी. रात्री भांडी घासताना राख तळव्यांना झोंबली आणि मी एकटीच बसून रडले. कुणाला दाखवायला नाही, नुसती रडले.

रविवारी मी अंथरुणातून उठले तेव्हा हौद काठोकाठ भरला होता. घरातली पिंपंही भरली होती. दादा ओट्यावर बसून मावशीच्या पोरांशी खेळत होता.

"तू वढलंस?" मी हळूच विचारलं.

"तू झोपली हुतीस."

"हात दाखव."

"काय न्हाय झालं गं."

"दाखव की."

त्याने उजवी मूठ मांडीखाली घातली आणि हसला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. जा, चहा टाक."

मी चहा टाकायला गेले. मी मूठ उघडायला लावली नाही. आईला हाक मारून सांगता आलं असतं, नानांकडे पळत जाता आलं असतं. मी चहा टाकला.

सोमवारी दिवस मावळताना नाना आणि दादा परत आले. आई ओवाळायचं ताट तयार करून दारात उभी होती. दादाच्या दोन्ही हातांना रुमाल बांधलेले होते. आईने ताट खाली ठेवलं.

"धावण्यात पयल्या जथ्थ्यात आला," नाना म्हणाले. "बीमवर पाचव्याला हात निसटला. पाइप रगतानं बुळबुळीत झाला हुता. तरी लटकत ऱ्हायला गडी. मग सायबानंच म्हटलं, उतर बेटा."

आईने रुमाल सोडला. बोटांच्या मुळाशी कातडं निघून आलं होतं, खाली नुसतं लाल मांस.

"हे कशानं झालं?" तिने विचारलं.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. दादाने पाहिलं नाही.

"तिथला बीमच खरबरीत हुता," दादा म्हणाला.

"मग बाकीच्या पोरांचं न्हाय झालं?"

"झालं की. लई जणांचं झालं." एवढं बोलून तो आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

जाताना नानांनी मला गोठ्यापाशी थांबवलं. "तू व्हतीस ना गं घरात?"

"मला झोप लागली हुती, नाना."

"झोप काय कुणाच्या हातात असती," असं ते म्हणाले आणि गेले. एकही शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

जखमा चिघळल्या, महिनाभर दादाला स्वतःच्या हाताने घास घेता येत नव्हता. मी भरवायची. पुढे तो सूतगिरणीत लागला. नानांनी मला गोळाफेक शिकवली, धावायला लावलं. दहावी सुटले आणि पोलीस भरतीत उतरले. पहाटे ग्राउंडवर मला सायकलवरून सोडायला दादाच यायचा. मी निवडले गेले तेव्हा आईने रंगाऱ्याला बोलावलं. त्या पांढऱ्या चौकोनात माझं नाव आलं. रंगाऱ्याने अक्षरं सुरेख काढली होती. दादा शिडी धरून उभा होता. "काना वाकडा झालाय बघ," असं तो त्याला खालून सांगत होता आणि हसत होता. मी पाणी आणते म्हणून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

माझी सगळी नोकरी चोर पकडण्यात गेली. समोरचा खोटं बोलतोय हे मला त्याच्या बसण्यावरून कळतं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, ते खरं आहे. ते इतकं लख्ख असतं की झोप येत नाही.

गेल्या भाऊबीजेला दादाकडे गेले होते. आई, नाना, दोघंही आता नाहीत. वाडीत नळ आलाय, आडावर जाळी टाकलीय. दादाची थोरली, प्रणाली, पोलीस भरतीची तयारी करते. तिच्यासाठी दादाने गोठ्याच्या दोन खांबांना पाइप बांधलाय. बायकांच्या भरतीत बीम नसतो, पण त्याला कोण सांगणार? "हातात ताकद असली की गोळा लांब जातो, तुझ्या आत्याला इचार," असं तो तिला म्हणतो.

मी त्याला ओवाळलं. त्याने ओवाळणी टाकायला हात पुढे केला तेव्हा प्रणालीने तो मधेच धरला.

"आत्या, हे बघ. बाबांना कितींदा इचारलं हे काय झालंय म्हणून. सांगत न्हाईत. तू तर सांग."

उजव्या तळव्यावर, बोटांच्या मुळाशी, चामडी पांढरी आणि तुळतुळीत होती. मी ताट खाली ठेवायला गेले तसं निरांजन विझलं.

"आगं, त्यात सांगायसारखं काय हाय," दादाच बोलायला लागला. किती वर्षांनी बोलत होता. "भरतीच्या आदल्या दिवशी पाणी वढलं, फोड फुटले. नानांनी नगं म्हणून सांगितलं हुतं. पण आत्या झोपली हुती गं तुझी."

"म्हणून तुम्ही वढलं?"

"तिचं हात बघितलं हुतं मी आदल्या राती. भांडी घासताना रडत हुती. दारातनं बघितलं मी." तो प्रणालीशी बोलत होता, माझ्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. "सकाळी उठवाया गेलो तर अशी झोपल्याली. म्हटलं, उद्या आपण फौजेत जाणार, मग हिलाच ह्यो दोर जन्मभर वढायचाय. येक दिवस झोपू दे. उशाला हुबा ऱ्हायलो, गोधडी वढली अंगावर, तरी हलली न्हाय. इतकी गाढ."

त्या रविवारी मी आईच्या आधीच जागी झाले होते. हात ठणकत होते. दादा येऊन उशाशी उभा राहिला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. तो हाक मारील आणि मग उठू, असं ठरवलं होतं. त्याने हाक मारली नाही. गोधडी माझ्या पायांवरून नीट ओढून घेतली आणि कळशी उचलून निघाला. मग रहाट कुरकुरायला लागला. दर घागरीला मी म्हणत होते, आता उठते. हौद भरला, पिंपं भरली, मी गोधडीत गरम पडून सगळं ऐकत होते.

"व्हय का न्हाय गं, शाले?" दादाने विचारलं. तो हसत होता. केस पांढरे झालेत त्याचे.

ताटातली वात मी पुन्हा पेटवली. काडी दोनदा विझली.

"व्हय दादा," मी म्हणाले. "लई गाढ लागली हुती झोप."

त्याने ताटात ओवाळणी टाकली. प्रणाली उठून पाइपाला लटकली आणि म्हणाली, "आत्या, मोज गं." मी मोजायला लागले.